लँडलाइन ठेवा, पण तार कुठली ते आधी बघा

'वीज गेली तरी लँडलाइन चालते, म्हणून आईवडिलांच्या घरी ती असावीच' हा नेहमी ऐकू येणारा मुद्दा तांब्याच्या तारेपुरता खरा आहे. त्या तारेतूनच टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांचा ४८ व्होल्टचा पुरवठा फोनपर्यंत येतो, घरच्या विजेशी त्याचा संबंध नसतो. (कॉर्डलेस असेल तर तो फायदाही गेला, त्याच्या बेसला प्लग लागतोच.) पण आता नवी जोडणी बहुधा फायबरची, म्हणजे काचेच्या तंतूची मिळते. नंबर तोच, फोनचं डबडंही तेच, फक्त ते मोडेमला जोडलेलं, आणि मोडेम घरच्या विजेवर. लाइट गेले की फोन मुका.

आईकडे तार जाऊन फायबर आलं तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं, पावसाळ्यात कळलं. मग मोडेमला छोटा यूपीएस लावला, आता दोन-तीन तास निभतं. लँडलाइन मी तरी काढणार नाही, मोबाइलचा स्क्रीन आईच्या बोटांना दाद देत नाही. फक्त फोनजवळच्या वहीत प्रत्येक मोबाइल नंबराआधी शून्य लिहून ठेवा. जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल त्याशिवाय लागत नाही.