परक्या सरकारने डोळे वटारले म्हणून चित्रपट मागे घ्यावा का?

आडवाट
२०१४ साली सोनी पिक्चर्सने ‘द इंटरव्ह्यू’चं नाताळातलं प्रदर्शन रद्द केलं, ते मला आजही पटत नाही. किम जोंग उनची मुलाखत घ्यायला निघालेल्या दोघांवर सीआयए त्याला मारायची कामगिरी सोपवते, अशी ती विनोदी गोष्ट. उत्तर कोरियाने जूनमध्येच याला युद्ध पुकारणं म्हटलं. नोव्हेंबरात सोनीचे संगणक हॅक झाले. डिसेंबरात थिएटरांवर हल्ल्याची धमकी आली, मोठ्या थिएटरवाल्यांनी अंग काढून घेतलं आणि सोनीने हात टेकले. ही चूक आहे, असं खुद्द ओबामांनी सांगितलं, तेव्हा कुठे तो मोजक्या थिएटरांत आणि ऑनलाइन आला. पण नुकसान व्हायचं ते झालंच. स्टीव्ह कॅरेलला घेऊन प्योंगयांगवर एक थरारपट होणार होता, तो त्याच सुमारास गुंडाळला गेला. न बनलेल्या सिनेमांची मोजदाद कोण ठेवणार?

सावली
पूर्ण असहमत. हयात राष्ट्रप्रमुखाला खऱ्या नावानिशी पडद्यावर ठार मारायचं आणि त्या देशाने हसून सोडून द्यावं ही अपेक्षा कशी करता? चॅप्लिनने १९४० मध्ये ‘द ग्रेट डिक्टेटर’ या सिनेमात हिटलरचा ‘हिंकेल’ आणि जर्मनीचा ‘टोमेनिया’ केला. कोणाची टर उडवलीय हे सगळ्यांना कळलंच की! आणि हॅकिंगमध्ये भरडले कोण गेले? पगार, सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक), खाजगी ईमेल उघड्यावर आले ते सोनीच्या कर्मचाऱ्यांचे. त्यांना पटकथा कोणी विचारून लिहिली होती?

आडवाट
नाव बदलून राग टळत नाही. चॅप्लिनचा तोच सिनेमा ब्रिटिश सरकार आधी रोखायच्या विचारात होतं, हिटलर दुखावू नये म्हणून. महायुद्ध पेटलं आणि तो विचार मागे पडला. कर्मचाऱ्यांचं दुःख खरं आहे, पण त्याचा जाब चोरी करणाऱ्याला विचारा, विनोद लिहिणाऱ्याला नाही.

तिसरी घंटा
‘हयात’ हा निकष तर मुळीच टिकत नाही. स्टालिन १९५३ मध्ये गेला. तरी त्याच्या मृत्यूवरच्या ‘द डेथ ऑफ स्टालिन’ या उपहासपटाचा परवाना रशियाने जानेवारी २०१८ मध्ये प्रदर्शन दोन दिवसांवर आलेलं असताना काढून घेतला. तिथे दुखावलं काय, तर सत्तेचा दरारा.
कझाकस्तानचं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ‘बोराट’ म्हणजे ब्रिटिश विनोदवीर साशा बॅरन कोहेनने रंगवलेला अडाणी कझाक पत्रकार, पुढे त्याच्यावर सिनेमाही आला. २००५ मध्ये त्यावरून कोर्टात खेचायची भाषा, २०१२ मध्ये त्या सिनेमामुळे व्हिसाची मागणी दसपट झाली म्हणून परराष्ट्रमंत्र्यांचे जाहीर आभार, आणि २०२० मध्ये पर्यटन विभागाने त्याचंच पालुपद घोषवाक्य म्हणून उचललं! सरकारं सावरतात. सावरले नाहीत ते रोमानियातल्या ग्लोड गावचे गरीब लोक. त्या सिनेमात त्यांचं गाव कझाकस्तान म्हणून दाखवलं. आम्हाला माहितीपट आहे असं सांगितलं होतं, असं त्यांचं म्हणणं. दावा लावला, तो टिकला नाही. माझा राग आहे तो यावर.

सावली
स्टालिनबद्दल मान्य, ती निव्वळ दडपशाही. पण ग्लोडचं उदाहरण माझीच बाजू भक्कम करतं. सत्ताधीशावर नेम धरला की घाव दुसऱ्याच कोणावर बसतो, मग ते गावकरी असोत की स्टुडिओतले कारकून. सोनीने आधी त्यांची माहिती नीट सांभाळायची, मग किमची खोडी काढायची. तेवढी तयारी नसेल तर तो सिनेमा काढू नये, या मतावर मी ठाम आहे.