मदत हवी आहे: चुंबक एकमेकांना ढकलतात, ते नक्की कशामुळे?

नमस्कार मंडळी, मी गोव्यातल्या डिचोलीची. माझी लेक सातवीत आहे. रविवारी मोरजीला तिने जुन्या स्पीकरचा चुंबक वाळूत फिरवला, तर काळे कण मिशीसारखे चिकटून आले. ते मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं एक खनिज, हे मी सांगितलं. मग घरी पेन्सिलीत दोन गोल चुंबक ओवले, तर वरचा अधांतरी! ‘आई, मधे काहीच नाही, मग ढकलतं कोण?’

‘चुंबकीय क्षेत्र’ म्हणाले, पण ते तर नुसतं नाव झालं. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा इवलासा चुंबक असतो आणि चुंबक झालेल्या लोखंडात त्यातले काही एका दिशेने रांगेत लागतात, एवढं मला कळतं. फ्रेंच शास्त्रज्ञ अँपिअरने १८२० मध्ये दाखवलं की एकाच दिशेने वीज वाहणाऱ्या समांतर तारा एकमेकींना ओढतात, उलट दिशेच्या ढकलतात. चुंबकात असेच बारीक प्रवाह फिरतात असं समजावलं तर बरोबर होईल का, की ते अर्धसत्य? आणि तारा तरी का ओढतात?

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या कुणी सूत्रांशिवाय सांगाल का? सोपं हवं, पण पुढे चुकीचं ठरेल असं नको. आमच्याकडचा तांबडा खनिज दगड, हेमेटाइट, चुंबकाला जवळजवळ चिकटतच नाही, त्यातही लोखंड असून. तेही जमल्यास सांगा.