मदत हवी आहे : बिअर्डेड ड्रॅगन दिवसभर काच ओरबाडतोय. ऊन बाधतंय की आणखी काही?

पऱ्हाटीवाला

नमस्कार मंडळी. गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. माझ्याकडे बिअर्डेड ड्रॅगन (ऑस्ट्रेलियाकडचा पाळीव सरडा) आहे, नाव मंग्या. वय दीड वर्षाच्या आसपास, शेपटीसकट सोळा-सतरा इंच. मावसभाऊ नागपूरला शिकायला होता. नोकरी लागून बंगळुरूला गेला आणि जाताना हे माझ्या गळ्यात घालून गेला. दुकानदाराने त्याला नर म्हणून विकला होता.

हिवाळाभर एकदम शांत. खांद्यावर बसून टीव्ही पाहायचा. ऊन तापायला लागलं तसा बिघडला. सकाळी लाईट लावला की समोरच्या काचेवर उभा राहून पुढच्या पायांनी ओरबाडणं सुरू. दुपारी एका कोपऱ्यात जाऊन खालचा कागद फाडतो. काचेवर घासून घासून नाक लाल झालंय. अधूनमधून तोंड उघडं ठेवून बसतो. हातात घेतला तरी खाली उतरायची घाई. आधी हावरट होता, आता किडे समोर सोडले तरी मान वळवतो.

पेटी गावच्या सुताराने केलेली, प्लायची. ४ फूट लांब, २ रुंद, २ उंच. पुढे सरकती काच, दोन्ही बाजूंना जाळी. एका टोकाला ऊब देणारा हॅलोजन दिवा, वर यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण देणारी) ट्यूब. खोलीवर टिन आहे, त्यामुळे दुपारी पेटीच्या थंड टोकालाच थर्मामीटर ३८ दाखवतो. कूलर लावला की उतरतं, पण लाईन गेली की पुन्हा तेच. आणि नवतपा अजून यायचाच आहे.

खाणं : कोहळं, भेंडी, शेवग्याचा कोवळा पाला. रातकिडे आणि डुबिया झुरळं घरीच वाढवतो (आईला सगळं माहीत नाही, तेवढं सांभाळा). वावरातले किडे देत नाही, कपाशीवर फवारणी किती होते ते सगळ्यांना माहीत आहे.

तालुक्याच्या पशुवैद्यकांकडे नेला होता. भला माणूस. म्हणाले, "मी गाई-बकऱ्या पाहतो, याचं मला ठाऊक नाही, अंदाजाने औषध देणार नाही." खरं सांगितलं, याचं बरंच वाटलं. इकडे आजी म्हणते ही घोरपड आहे, तिला रानाची ओढ लागली, सोडून ये. एका काकांनी तर तेल निघते का म्हणून विचारलं.

काय करू?

मुठाकाठचा

एसी लावा. २४ तास २५ अंश. प्रश्न मिटला.

पऱ्हाटीवाला

दादा, टिनाखाली एसी चालवायचा तर वावर विकावं लागेल. लाईन गेल्यावर त्याचा उपयोगही नाही.

मेळघाटी

आणि दिवसभर २५ अंश त्या जनावराला चालतही नाही, पुणेकर. ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोरड्या मुलखातला प्राणी आहे. अंगात ३५ च्या आसपास ऊब आली की त्याचं पचन नीट चालतं. त्याला पेटीत गरम टोक लागतं आणि थंड टोकही लागतं. तो दोन्हीकडे ये-जा करून स्वतःचं जमवतो.

भाऊ, तुमच्याकडे थंड टोकच उरलेलं नाही. माह्यावाला बी मागच्या उन्हाळ्यात असाच करे. पयले तो हॅलोजन दुपारी बंद करा. सकाळी सात ते दहा पुरे, बसायच्या दगडावर ४० च्या आसपास मिळालं की झालं. यूव्हीबी ट्यूब चालू राहू द्या, ती तेवढी तापत नाही. पेटी भिंतीच्या वरच्या अंगाला असेल तर खाली जमिनीवर आणा, टिनाखाली वर आणि खाली बराच फरक पडतो. थंड टोकाला जुनं कवेलू पालथं ठेवा, बाहेरून ओलं करत जा. लाईन गेली तर बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच टोकाला. कूलरचा झोत थेट पेटीवर नको. यांना कोरडी हवा लागते, रोज दमट हवा लागली तर छातीचा त्रास होतो.

तोंड उघडं ठेवणं म्हणजे उष्णता बाहेर टाकणं. गरम टोकाला बसून तसं केलं तर काळजी नाही. थंड टोकाला बसून करत असेल तर समजा की पेटी तापली आहे.

काचेचंही बघा. मागे अंधार असला की काचेत स्वतःचंच रूप दिसतं, त्याला वाटतं दुसरा ड्रॅगन आलाय. बाहेरून खालच्या अर्ध्या काचेला खाकी कागद चिकटवून पाहा.

आजीला सांगा, घोरपड ती नाही. घोरपड असती तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली असती आणि एव्हाना वनखात्याची गाडी दारात उभी असती. भावाकडून खरेदीची पावती मागून घेऊन ठेवा, गावात कोण कधी काय सांगेल याचा नेम नाही. आणि रानात तर बिलकूल सोडू नका. परक्या मुलखातलं जनावर आपल्या रानात सोडायचं नसतं, आणि पाळीव असल्यामुळे ते स्वतः टिकणारही नाही.

शिकाऊ_पशुवैद्य

मेळघाटी दादांचं उन्हाबद्दलचं सगळं बरोबर आहे, ते आजच करा. पण पऱ्हाटीवाला दादा, मला तुमच्या वर्णनातली दुसरी गोष्ट खटकते. एकाच कोपऱ्यात खोदणं, खाणं अचानक सोडणं, हातातून खाली उतरायची धडपड, वय दीड वर्ष. मंग्या नर आहे हे तुम्ही स्वतः पाहिलंय की दुकानदाराचं ऐकलंय?

शेपूट हळूच वर उचला, काटकोनापेक्षा जास्त नको, आणि मुळाशी पाहा. मध्ये खोलगट भाग आणि दोन्ही बाजूंना दोन फुगवटे दिसले तर नर. मध्ये एकच उंचवटा असेल किंवा काहीच नसेल तर मादी. मग पोटाच्या दोन्ही कुशींवरून बोट अलगद फिरवा. द्राक्षाएवढे गोळे लागतात का? दाबायचं अजिबात नाही.

पऱ्हाटीवाला

ताई, दोन फुगवटे नाहीत. आणि कुशीत गोळे आहेत हो! मला वाटलं कोहळं जास्त झालं. पण याच्याजवळ नर कधीच नव्हता, मग अंडी कशी?

शिकाऊ_पशुवैद्य

कोंबडीसारखंच. नराशिवायही अंडी तयार होतात, फक्त त्यांतून पिल्लं निघत नाहीत. हिवाळा संपून ऊब वाढली की हे सुरू होतं. एका वेळी पंधरा-वीस, कधी त्याहून जास्तही. घालायला जागा मिळाली नाही तर ती अडवून धरते, आणि अंडी अडकली तर जीवावर बेतू शकतं. म्हणून हे उन्हाच्या बंदोबस्ताइतकंच तातडीचं.

एक मोठं टोपलं किंवा प्लास्टिकचा डबा घ्या, तिला आत वळता येईल एवढा. त्यात वीतभर तरी खोल माती. तुमच्याकडची काळी माती नको, ओली झाली की पायाला चिकटते आणि वाळली की दगड होते. नदीची रेती चाळून घ्या, त्यात थोडी पोयट्याची माती मिसळा, दोन-तीन दिवस कडक उन्हात तापवा. वावरातली माती नको, खतं-औषधं असतात. मग मूठ वळली की गोळा टिकेल एवढीच ओली करा, भोक पाडलं तर ढासळता कामा नये. एका कोपऱ्यात तुम्हीच थोडं खणून ठेवा, तिला लक्षात येतं.

खोदायला लागली की वरून फडकं टाका आणि बघायला जाऊ नका. माणूस दिसला की ती थांबते. अंडी घालून झाली की ती स्वतःच माती लोटून बुजवते, तेव्हा उचलून पाणी द्या. पोट एकदम सपाट होतं, घाबरू नका. त्यानंतर डी३ जीवनसत्त्व असलेली कॅल्शियम पावडर किड्यांवर भुरभुरून द्या. अंड्यांना अंगातलं बरंच कॅल्शियम लागतं. पालक आणि आंबट चुका बंद, शेवग्याचा पाला चालू ठेवा. काही आठवड्यांनी दुसरी खेप येऊ शकते, डबा टाकून देऊ नका.

पऱ्हाटीवाला

डबा भरून ठेवला. मंगी (आता काय म्हणणार!) सकाळपासून त्यातच आहे, खोदते, बाहेर येते, परत खोदते. काच ओरबाडणं बंद झालंय. किती वाट पाहायची? आणि दुपारी लाईन जाते तेव्हा डबा पेटीतून बाहेर काढून ओसरीत ठेवला तर चालेल?

शिकाऊ_पशुवैद्य

ओसरीत ठेवा, तिलाही सोबत. मांजर आणि कावळ्यांवर लक्ष असू द्या. एक-दोन दिवस असं खोदणं नेहमीचं आहे, चार ठिकाणी खणून पाचवी जागा पसंत करतात. पण खोदणं थांबून ती सुस्त पडली, मागचे पाय ओढायला लागली, किंवा जोर लावूनही काही बाहेर येत नसेल तर घरी काही करू नका. अकोल्याची पशुवैद्यकीय संस्था तुम्हाला जवळ पडेल, नागपूरला सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आधी फोन करून सरपटणारे प्राणी पाहतात का आणि एक्स-रे होईल का ते विचारा, आणि सकाळच्या पहिल्या एसटीने निघा, दुपारच्या उन्हात नको.