गिनी पिगला शुगर असू शकते का? नागपुरात टेस्ट कुठे होईल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माझी गिनी पिग चिंगी, तीन वर्षांची, गेले पंधरा-वीस दिवस खूपच पाणी पिऊन राहिली आहे, आधी वाटलं नागपूरचा उन्हाळा, पण आता पाऊस पडून कूलरही बंद झाला तरी बाटली संध्याकाळपर्यंत रिकामी आणि पिंजऱ्यातला कपडा दोन तासांत ओलाचिंब. खाणं नेहमीसारखंच, गवत, सांबार (कोथिंबीर), शिमला मिरची, पण किचनच्या काट्यावर वजन ९८० ग्राम होतं ते ८७० वर आलं. काल उजेडात धरलं तर उजव्या डोळ्यात दुधाळ टिपका दिसला, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

जवळच्या डॉक्टरांनी फक्त कुत्रे-मांजरी बघतो म्हणून परत पाठवलं. मेडिकलमधून लघवीच्या पट्ट्या आणल्या, त्यात शुगर निगेटिव्ह आली, पण मी तिला रोज व्हिटॅमिन सी देते आणि ते लघवीत उतरलं की पट्टी शुगर असूनही निगेटिव्ह दाखवू शकते, म्हणून विश्वास बसत नाही. माणसांच्या ग्लुकोमीटरनं घरी रक्त तपासायची हिंमत नाही, एवढासा जीव, आणि घाबरली तर शुगर तशीही वर जाते म्हणे.

सेमिनरी हिल्सच्या व्हेटरनरी कॉलेजात गिनी पिगचं रक्त घेतात का, कोणी नेलंय का? किडनी आणि मुतखडाही सोबतच बघायला सांगू ना? पाणी तर मी अजिबात कमी केलेलं नाही. प्लीज लवकर सांगा.