आधी स्पीड, मग स्ट्रॅप
विंडसर्फिंग शिकताना बोर्डवर नीट उभं राहता आलं की लगेच फूटस्ट्रॅपमध्ये (बोर्डवरच्या पाय अडकवायच्या पट्ट्यांत) पाय घालायची सवय लावा असा एक सल्ला वाचला, तो नाही पटला. स्ट्रॅप असतात मागे, बोर्ड प्लेनिंगला यायच्या (म्हणजे वेगामुळे पाण्यावर उचलून घसरायला लागायच्या) आधीच मागे सरकलात की शेपूट बुडते, नाक वाऱ्याकडे वळतं आणि तुम्ही पाण्यात. मी दोना पावलाला एक अख्खा सीझन हेच केलंय :) दुपारी समुद्रावरून वारा धरला की आधी हार्नेस (कमरेचा पट्टा, त्याचा हूक शिडाच्या दोरीत) अडकवायचा, वजन बूमवर (शीड धरायच्या आडव्या दांड्यावर) टाकायचं, बोर्ड प्लेनिंगला आला की मग पुढचा पाय, तोही खाली न बघता, अंगठ्याने चाचपत. मागच्या पायाची घाई नको, तो नुसता स्ट्रॅपच्या बाजूला टेकवून ठेवला तरी चालतं.

आणि एक राहिलं, ते म्हणजे स्ट्रॅपचं माप. पायाची बोटं पलीकडून जेमतेम दिसली पाहिजेत. माझा सैल होता, पाय पार घोट्यापर्यंत आत, पडलो तेव्हा निघालाच नाही, तीन आठवडे लंगडत होतो. शिकताना स्ट्रॅप बोर्डच्या मधल्या रेषेजवळच्या, आतल्या भोकांत लावा, कडेला नको.