मदत हवी आहे: ड्राय फिल्मने पीसीबी करताना बारीक ट्रॅक एकतर सुटतात, नाहीतर एकमेकांना चिकटतात

मंडळी नमस्कार,

गच्चीवरच्या टाकीसाठी कंट्रोलर करतोय. आजवर पीसीबी (तांब्याच्या ट्रॅकचा सर्किट बोर्ड) लेझर छपाईचा टोनर, म्हणजे शाईची पूड, इस्त्रीने चिकटवून करायचो. या खेपेची चिप मात्र बारीक पायांची, एका पायापासून दुसरा 0.65 मिमीवर. इस्त्रीने तिथे नुसता चिखल होतो, म्हणून निळी ड्राय फिल्म (तांब्यावर चिकटवायची, उजेडाने बदलणारी पातळ फिल्म) मागवली.

तांबं काथ्याने घासून, आतलं मऊ प्लास्टिक सोलून, फिल्म लॅमिनेटरमधून तीनदा काढतो. हे सगळं बाथरूममध्ये, पिवळा झीरोचा बल्ब लावून (घरच्यांच्या शिव्या वेगळ्या). वर सर्किट छापलेली पारदर्शक ओएचपी शीट (ट्रॅक कोरे, बाकी काळं), त्यावर काच, आणि बहिणीचा नखं सुकवायचा यूव्ही दिवा. मग पंधरा मिनिटं थांबून फिल्मवरची प्लास्टिकची कात काढतो आणि लिटरभर कोमट पाण्यात 10 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून बोर्ड हलवत राहतो.

45 सेकंद उजेड दिला तर बारीक ट्रॅक सोड्यात शेवयांसारखे सुटून तरंगतात. 75 सेकंद दिला तर ट्रॅक घट्ट बसतात, पण चिपच्या पायांमधल्या फटीतली फिल्म निघतच नाही. 60 ला दोन्ही रोग थोडेथोडे. जाड ट्रॅक प्रत्येक वेळी झकास. सहा तुकडे वाया गेलेत. चुकतंय कुठे?

खटपट्या: सोडा दुप्पट करून बघा.

धागाकर्ता: केला. कडक झालेले ट्रॅकही फुगून उचलले गेले.

सोल्डरकाका: सोड्याच्या मागे लागू नका, तो बरोबर आहे. ही फिल्म निगेटिव्ह. उजेड लागतो तिथे आतले अॅक्रिलेटचे रेणू एकमेकांत गुंततात आणि तो भाग कडक होतो. बाकीचा आम्लधर्मी पॉलिमर सोड्यात विरघळतो. म्हणजे फटीत फिल्म राहते याचा अर्थ काळ्याखाली उजेड शिरतोय. नखांच्या दिव्यात एलईडी चहूबाजूंनी असतात, उजेड तिरपा येतो. छपाई शीटच्या कुठल्या बाजूला आहे? टोनर वर असेल तर टोनर आणि फिल्म यांच्यात शीटची अख्खी जाडी आली, आणि तेवढ्यात तिरपा उजेड दोन्हीकडून आत घुसतो. जाड ट्रॅकला ते जाणवत नाही, तुमच्या फटीला जाणवतं. छपाई आरशातल्यासारखी उलटी काढा, टोनर फिल्मला टेकवा. शीट उजेडाकडे धरून काळ्यात टाचणीएवढी भोकं दिसतात का तेही बघा. दिसली तर दोन शीट जुळवून एकावर एक चिकटवा. दिव्यातल्या बाजूच्या एलईडींवर काळी चिकटपट्टी लावा.

धागाकर्ता: काका, टोनर वरच होता! अक्षरं सुलटी दिसतात म्हणून मी खूश होतो.

काल रात्री उलटी छपाई काढली, दोन शीट जोडल्या, बाजूचे एलईडी झाकले. एकाच पट्टीवर पुठ्ठा सरकवत 60, 80, 100, 120 सेकंद दिले. 60 ला ट्रॅक अजून सुटतात, 100 ला फट स्वच्छ, तळाशी गुलाबी तांबं. 120 लाही फट उघडीच आहे, म्हणजे आता थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल.

आता उघडं तांबं खाऊन टाकायला फेरिक क्लोराइडमध्ये टाकतो. नंतर फिल्म उतरवायला कॉस्टिक सोडा वापरायचा हे वाचलंय. तो प्लास्टिकच्या डब्यात कालवला तर चालतो ना, की डबाच गरम होऊन बसतो?

सोल्डरकाका: चालतो. लिटरला 20-30 ग्रॅम. आधी पाणी, मग सोडा, हातमोजे आणि चष्मा घालून. अॅल्युमिनियमचं भांडं मात्र जवळही आणू नका.