पार्किंगमधला क्रेट (कोल्हापूर, सोसायटी ग्रुप, मंगळवार २१ एप्रिल, रात्र)

पाटील काका ए-१०२ ८:१४
माझ्या गाडीच्या मागं तो प्लॅस्टिकचा मोठा पिंजरा पंधरा दिवस झालं पडलाय. आज रिव्हर्स घेताना दुसऱ्यांदा धडक बसता बसता राहिली. कुणाचा आहे ते सगळ्यांना म्हाइत आहे. मार्चमध्ये जाणार जाणार ऐकत हुतो, आता एप्रिल संपत आला. कधी उचलणार तेवढं सांगा.

कुलकर्णी सर बी-१०१ ८:१६
सामायिक पार्किंगमध्ये खासगी सामान ठेवायचे नाही असा ठराव मागच्या वार्षिक सभेत एकमताने मंजूर झालेला आहे. कृपया नोंद घ्यावी.

ओंकार बी-४०३ ८:१७
काका पिंजरा नाही, क्रेट म्हणायचं 😄 आपल्या बिल्डिंगचा शेरू जर्मनीला चाललाय भावा, नाद खुळा

पाटील काका ए-१०२ ८:१८
तू मध्ये बोलू नकोस. तुझी बुलेट कुठं लागती ते पण काढू काय आज

मृणाल बी-३०२ ८:२६
काका खरंच सॉरी. आजच भिंतीकडं सरकवते. मुद्दाम खाली ठेवलाय कारण जोडलेला क्रेट लिफ्टमध्ये जात नाही आणि दुसरं म्हणजे शेरूला गाड्यांच्या आवाजात त्यात बसायची सवय व्हायला पाहिजे. विमानाच्या पोटात तो एकटा असणार, आठ-नऊ तास. पहिल्या दिवशी आत पाय ठेवायला तयार नव्हता, आता माझी जुनी ओढणी आत टाकली की स्वतःहून जातो आणि पाऊण तास झोपतो. अजून तीन आठवडे द्या प्लीज.

शिंदे मावशी ए-२०३ ८:२९
मृणाल बाळा राग मानू नकोस पण एवढा खर्च एवढा त्रास. माझ्या भावाचं गडमुडशिंगीला शेत हाय, घर हाय, दोन कुत्री आधीच हाईत, शेरू तिथं मजेत राहील. मी कालच बोललो त्याच्याशी, तो हो म्हणालाय

कुलकर्णी सर बी-१०१ ८:३०
प्रश्न कुत्र्याचा नसून ठरावाचा आहे.

सेक्रेटरी ८:३१
सर्वांना सूचना, उद्या पाणी सकाळी ७ ते ८ एवढंच येईल, टाकी साफ करायची आहे. 🙏

ओंकार बी-४०३ ८:३१
परत?? मागच्या महिन्यात साफ केली होती की

सेक्रेटरी ८:३२
ती ए विंगची होती

स्नेहल ए-४०१ ८:३५
मावशी शेतावर द्या म्हणणं सोपं आहे. माझ्या बहिणीच्या पगचं माहीतच आहे सगळ्यांना. मेलबर्नला न्यायचा होता. तेव्हा कळलं की इंडियातनं कुत्रं डायरेक्ट ऑस्ट्रेलियात घेतच नाहीत, आधी त्यांनी मान्य केलेल्या तिसऱ्या देशात न्यायचं, तिथं ठेवायचं, तपासण्या करायच्या आणि मग तिथनं पुढं. त्यात चपट्या नाकाचा पग, श्वासाचा त्रास होतो म्हणून बऱ्याच एअरलाईन त्यांना कार्गोत घेतच नाहीत. शेवटी आईकडं सांगलीला राहिला. ताई अजून व्हिडिओ कॉलवर त्याचं नाव घेतली की तो फोनच्या मागं जाऊन बघतो. मी ते बघितलंय.

शिंदे मावशी ए-२०३ ८:३७
तेच म्हणते मी, शेतावर मोकळं असतं. भावाचा नंबर देऊ काय

पाटील काका ए-१०२ ८:३८
माझा प्रश्न साधा हुता. मार्चचं एप्रिल आणि एप्रिलचं मे कसं झालं. ३०२ चा नवरा तर जानेवारीतच गेला.

मृणाल बी-३०२ ८:५१
काका सगळं सांगते, लांब होईल पण सांगतेच कारण दोन महिने लिफ्टमध्ये प्रत्येकजण हेच विचारतोय.
युरोपला कुत्रं न्यायचं तर आधी मायक्रोचिप, १५ आकडी नंबरची, मानेजवळ कातडीखाली बसवतात. त्याच दिवशी किंवा त्याच्या नंतर रेबीजचं इंजेक्शन. हा क्रम चुकला की ते इंजेक्शन कागदावर नसल्यासारखंच. आमचं नेमकं तेच झालं. नोव्हेंबरमध्ये आधी लस दिली, चिप डिसेंबरात बसवली, आणि ज्यांनी हे केलं त्यांनी सांगितलं काही फरक पडत नाही. फरक पडला. ५ जानेवारीला चिप स्कॅन करून परत लस. मग ३० दिवस थांबल्याशिवाय रक्त घेता येत नाही. १० फेब्रुवारीला रक्त दिलं, ते युरोपियन युनियननं मान्य केलेल्या लॅबलाच जावं लागतं. रक्तात रेबीजच्या अँटीबॉडी कमीत कमी ०.५ IU/ml पाहिजेत, शेरूच्या त्याच्यापेक्षा चांगल्या जास्त आल्या, मी रिपोर्ट उघडून रडलेच. पण रिपोर्ट चांगला आला म्हणून लगेच जाता येत नाही, रक्त काढलं त्या तारखेपासून पूर्ण ३ महिने थांबायचं. म्हणजे १० मे. त्याच्या आधी कितीही पैसे भरा, उपयोग नाही. तिकीट १६ मेचं आहे.

ओंकार बी-४०३ ८:५३
आयला माझ्या पासपोर्टला पण एवढं नव्हतं

ओंकार बी-४०३ ८:५३
तिथं शेरूला तांबडा पांढरा कोण देणार 😂

शिंदे मावशी ए-२०३ ८:५४
कुत्र्याला रस्सा देत असतात व्हय रे

पाटील काका ए-१०२ ८:५५
मग तू पुढं जायचं आणि कुत्रं मागनं पाठवायचं, एवढी माणसं आहेत की इथं.

मृणाल बी-३०२ ८:५९
तोही नियम आहे काका. पाळीव प्राणी म्हणून न्यायचं तर मालक आणि कुत्रं यांच्या प्रवासात ५ दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही, नाहीतर ते व्यापारी मालात धरतात आणि कागद सगळे वेगळे. म्हणून हे पुढं गेले आणि मी शेरूसाठी थांबले. आणि सरकारी डॉक्टरांचं हेल्थ सर्टिफिकेट निघाल्यापासून १० दिवसांच्या आत तिकडं उतरायला लागतं, म्हणजे आधी काढून ठेवलं असंही होत नाही. ते मुंबईला, अॅनिमल क्वारंटाईनच्या ऑफिसात. इथनं पावणेचारशे किलोमीटर, मे महिन्यात, त्याला गाडीत उलट्या होतात. रात्री निघणार म्हणजे ऊन लागणार नाही.

मोरे काका ए-३०१ ९:०२
झोपेची गोळी द्या ना, फ्रँकफर्टलाच जागा होईल

मृणाल बी-३०२ ९:०४
गोळी अजिबात द्यायची नाही काका. वर हवेत गुंगीत श्वास आणि बीपी खाली जाऊ शकतं आणि तिथं बघायला कोणी नसतं. गुंगीतलं कुत्रं बऱ्याच एअरलाईन घेतही नाहीत. म्हणूनच क्रेटची सवय. पाण्याचं भांडं आतल्या बाजूला लावून बर्फ करून ठेवायचं, सांडत नाही, हळूहळू वितळतं.

कुलकर्णी सर बी-१०१ ९:०६
ठराव सर्वांना लागू असतो. जर्मनीला जाणाऱ्यांनाही.

स्नेहल ए-४०१ ९:०७
सर मग तुमच्या त्या दोन सायकली जिन्याखाली चार वर्षं आहेत त्या कोणत्या ठरावात बसतात

कुलकर्णी सर बी-१०१ ९:०९
जिना आणि पार्किंग हे वेगळे विषय आहेत.

कुलकर्णी सर बी-१०१ ९:०९
हा मेसेज डिलीट केला आहे

ओंकार बी-४०३ ९:१०
वाचला मी 🤐

सेक्रेटरी ९:११
वैयक्तिक नको प्लीज. सायकलींचं मीटिंगमध्ये घेऊ.

शिंदे मावशी ए-२०३ ९:१४
मृणाल भावाचा नंबर पर्सनलवर पाठवलोय. विचार कर. कुत्र्याला काय, चार दिवसांत विसरतंय ते

मृणाल बी-३०२ ९:२२
मावशी तुम्ही मनापासून सांगताय हे कळतं मला. पण तो विसरत नाही. २०१९ च्या पुरात शाहूपुरीत ह्यांच्या मित्राच्या दुकानाच्या शटरवर चढून बसलेलं पिल्लू होतं ते, पोट पाण्यात. टॉवेलात गुंडाळून आणलं. शिरोलीला हायवे पाण्याखाली, गावात दूध नाही, तेव्हा रात्री बेल वाजली आणि पाटील काका दारात, हातात स्टीलच्या तांब्यात अर्धा लिटर दूध. काकूंनी स्वतःच्या घरातलं काढून दिलेलं. काकांनीच ड्रॉपरनं पहिलं पाजलं. त्यानंतर इतकी वर्षं रोज सकाळी काकांच्या गाडीचा आवाज आला की तो गॅलरीत जातो. तुम्हाला वाटत असेल तो भुंकतो, तो भुंकत नाही, तो बोलवतो. त्याला शेतावर सोडून मी विमानात नाही बसू शकत.

स्नेहल ए-४०१ ९:२४
🥺

शिंदे मावशी ए-२०३ ९:२६
बरं बाई. जा घेऊन. मी नंबर देणार नाही आता

मोरे काका ए-३०१ ९:२७
टाकी साफ करायला कोण येतंय उद्या, मागच्या वेळचा नको, झाकण उघडं ठेवून गेला

पाटील काका ए-१०२ ९:४१
आत्ता खाली जाऊन आलो. पिंजरा मीच सरकवला भिंतीकडं, उद्या माझी गाडी पुढं लावतो, राहू दे तिथंच.
पण ह्यात एक बघितलं. वरचा आणि खालचा भाग नुसत्या प्लॅस्टिकच्या क्लिपवर जोडलाय. मी धरून हलवला तर दोन क्लिपा हातात आल्या. ३० किलोचं कुत्रं आत उठाबशा काढायला लागलं तर उघडंल ते. कुणी बघितलं न्हाई व्हय?

मृणाल बी-३०२ ९:४३
काका!! एअरलाईननं पण तेच लिहिलंय, प्लॅस्टिकच्या क्लिपा चालत नाहीत, धातूचे नट बोल्ट पाहिजेत. क्रेटबरोबर आलेच नाहीत, दोन दुकानं फिरले, साईझ मिळत नाहीये.

पाटील काका ए-१०२ ९:४४
दुकानात कशाला जातीस. उद्यमनगरात आमचं वर्कशॉप काय रिकामं बसलंय काय. किती भोकं आहेत, आठ का दहा

मृणाल बी-३०२ ९:४५
दहा

पाटील काका ए-१०२ ९:४७
उद्या अकराला खाली ये. क्रेटची एक क्लिप घेऊन ये मापाला, आणि शेरूला पण आण. आत बसवून उंची बघायची, कान वर लागता कामा नये. उभा राहिला पाहिजे, फिरता आलं पाहिजे, आडवं पडता आलं पाहिजे, तुझ्या कागदात असंच असणार की.

मृणाल बी-३०२ ९:४८
हो काका असंच आहे 🙏🙏

कुलकर्णी सर बी-१०१ ९:५०
म्हणजे पार्किंगमध्ये आता कामही चालणार?

पाटील काका ए-१०२ ९:५१
व्हय. अकरा ते साडेअकरा.